काळ्या मातीची चर-बकेट: शिरोळ पट्ट्यातील एका फिरत्या पात्याच्या रचनेचे प्रकरण

शिरोळ आणि हातकणंगले तालुक्यांत पंचगंगा-कृष्णेच्या काठाने पसरलेली काळी जमीन उसाला कितीही चांगली असली, तरी खोदणाऱ्या यंत्राला ती पुरून उरते. त्यातून क्षारपड झालेल्या शेतात भूमिगत निचऱ्याचे सच्छिद्र पाईप टाकायचे असले, की अडचण दुप्पट होते. चर अरुंद हवा, कारण पाईप जेमतेम ८० मिमीचा. खोली मीटर-सव्वामीटर. आणि जमीन मुळातच पाणथळ, त्यामुळे वाफसा येण्याची वाट पाहायची म्हटली तर हंगाम निघून जातो.

हे प्रकरण अशाच एका मागणीचे. ठेकेदाराकडे ७५ अश्वशक्तीच्या आसपासचा बॅकहो लोडर, गावात ज्याला सरसकट जेसीबीच म्हणतात. चर ३५० मिमी रुंद आणि १.२ मीटर खोल. साधी एक फुटी बकेट लावून काम सुरू केले, तर तिसऱ्या-चौथ्या घासाला बकेट आतून भरून बसली. ती उघडली तरी माती सुटत नाही. मग ऑपरेटर सिलेंडर पुढे-मागे झटकतो, तरीही निम्मीशिम्मी माती आत राहते. शेवटी कुणीतरी फावडे घेऊन बकेटशी उभे राहते, आणि चालू यंत्राच्या बकेटजवळ माणूस उभा करणे हे मातीपेक्षा मोठे संकट आहे. शिरोलीच्या एका फॅब्रिकेशन शेडकडे मागणी आली ती एवढीच: माती स्वतःहून बाहेर टाकणारी बकेट हवी, जास्तीचा हायड्रॉलिक पाईप न टाकता.

माती का सुटत नाही

हे आधी आकड्यात पाहू, कारण पुढची सगळी रचना याच हिशेबावर उभी आहे.

बकेटची आतली रुंदी ३०० मिमी धरू. पोकळीचा आकार असा की डिपरच्या (यंत्राच्या ज्या बाहूच्या टोकाला बकेट लागते त्याच्या) पिनेपासून आतली कड ४०० मिमीवर, तळ ९५० मिमीवर आणि कोन ६० अंश. घनफळ निघते ०.११७ घनमीटर. ओली काळी माती घनमीटरला १.८ टन धरली तर आतल्या मातीचे वजन सुमारे २१० किलो, म्हणजे २.०६ किलोन्यूटन. माती खाली ओढणारे बळ एवढेच.

तिला धरून ठेवणारे बळ पाहा. दोन्ही बाजूंच्या भिंती मिळून ०.७८ चौरस मीटर, तळ ०.३० चौरस मीटर. घसरताना घासणारे क्षेत्र जवळजवळ १.०८ चौरस मीटर. २.०६ ला १.०८ ने भागले की १.९ येतात. म्हणजे मातीची पोलादाला चिकटण्याची ताकद २ किलोपास्कलच्या खाली असेल तरच ती आपल्या वजनाने पडेल. ओल्या चिकणमातीला हे २ किलोपास्कल काहीच नाहीत. चोपण जमिनीसाठी रचनेत १० धरावेत. तेव्हा धरून ठेवणारे बळ १०.८ किलोन्यूटन होते, वजनाच्या पाचपट.

हीच पोकळी ९०० मिमी रुंद केली तर वजन तिप्पट होते, पण बाजूच्या भिंती तेवढ्याच राहतात. मर्यादा ३.७ किलोपास्कलवर जाते. मोठ्या बकेटीतून सुटणारी माती एक फुटी बकेटीत का अडकते, त्याचे कारण हे. दोष ऑपरेटरचा नाही, आणि रंगाचा किंवा पॉलिशचाही नाही.

याच हिशेबाने दोन पर्याय बाद झाले. मागे प्लेटऐवजी साखळ्यांचे जाळे लावलेली बकेट चिकट मातीत वापरतात, पण तिथे फक्त पाठ आणि तळ हलतो. आपल्या बकेटीत, पाठ धरून, चिकटणाऱ्या एकूण क्षेत्रातला जवळपास ६३ टक्के भाग बाजूच्या भिंतींचा आहे, आणि साखळी त्यांना हातही लावत नाही. दुसरा पर्याय प्लॅस्टिकच्या अस्तराचा. ते चिकटणे कमी करते हे खरे, पण जुना बांध फोडताना लागणारे दगडगोटे अस्तराचे बोल्ट आधी उपटतात. पाठीला हवेची भोके पाडल्याने मातीमागे निर्वात पोकळी होऊन ती शोषून धरली जाणे थांबते, म्हणून भोके जरूर पाडावीत. पण नुसत्या भोकांवर हे काम भागत नाही. माती ढकलूनच काढावी लागणार.

आकार पिनेपासून काढायचा

फिरत्या पात्याची कल्पना सोपी आहे. बकेट डिपरच्या पिनेभोवती फिरते. त्याच पिनेवर आत एक पाते लोंबते. बकेट उघडताना शेवटच्या टप्प्यात पात्याची दांडी डिपरवरच्या ठोकळ्याला टेकते आणि पाते थांबते. बकेट मात्र पुढे उघडतच राहते. परिणामी पाते मागून तोंडाकडे सरकते आणि मातीचा अख्खा गठ्ठा बाहेर ढकलते. ताकद बकेटच्याच सिलेंडरची. वेगळा व्हॉल्व्ह नाही, होज नाही.

पण यासाठी बकेटचा तळ पिनेला केंद्र मानून काढलेल्या वर्तुळाचा तुकडाच असावा लागतो. नेहमीची बकेट घेऊन तिच्यात पाते बसवण्याचा उद्योग इथेच फसतो. नेहमीच्या बकेटीचा तळ आधी सरळ, मग टाचेशी वळलेला असतो. पाते फिरताना कुठे १० मिमी फट राहते, कुठे ८०. त्या ८० मिमीच्या कोपऱ्यात माती बसते आणि दर खेपेला थोडी वाढते. म्हणून रेखाटणाची पहिली खूण पिनेच्या केंद्राची. बाकी सगळ्या रेषा तिथून निघायच्या.

गोल तळाची एक किंमत मोजावी लागते. बकेट नुसती वळवली, तर तळ ज्या वर्तुळावर फिरतो त्याच वर्तुळावर कापलेली जमीन असते. म्हणजे पाठ जमिनीला घासत राहते, ताकद घर्षणात जाते आणि चराचा तळ थापल्यासारखा गुळगुळीत होतो. निचऱ्याच्या चराला तर हे घातकच, कारण थापलेली काळी माती पाणी आत येऊ देत नाही. उपाय म्हणून दातांची टोके तळाच्या बाहेर काढली: तळ ९५० मिमीवर, दाताचे टोक १०१५ मिमीवर. शिवाय तळाच्या कमानीचा मध्य पिनेपासून थोडा सरकवला, त्यामुळे मागच्या टाचेशी त्रिज्या तोंडापेक्षा ६ मिमी कमी भरते.

या ६ मिमीचा दुसरा फायदा पात्याला होतो. पाते मागे असताना तळाशी फट ४ मिमी, तोंडाशी येताना ती १० होते. बाजूच्या भिंतींनाही असाच उतार दिला: मागे दोन्ही बाजूंना ४ मिमी, तोंडाशी ९ मिमी. पुढे जाताना फट वाढत गेली पाहिजे, कधीही आवळता कामा नये. एखादा खडा फटीत शिरला तर पुढच्या हालचालीत तो मोकळा होतो. उलट उतार चुकून दिला गेला तर तोच खडा पाचरीसारखा बसेल आणि पाते अडवेल.

पाते किती अंश फिरवायचे? पोकळी ६० अंशांची असली तरी पाते ५५ अंशच फिरवले. उरलेल्या ५ अंशांत सुमारे ६० मिमीचा पाचरीसारखा थर राहतो. तो मागून आधार गेल्यावर आपोआप गळतो. पाते अगदी ओठापर्यंत आणले असते तर ते दात बसवायच्या अडॅप्टरच्या वेल्डवर आपटले असते.

या यंत्राची बकेट एकूण १९० अंशांच्या आसपास फिरते. त्यातले उघडण्याकडचे ५५ अंश पात्याला गेले, खोदायला १३५ उरले. ऑपरेटरला हे पहिल्याच दिवशी समजावून सांगावे लागते. बकेट पूर्ण उघडी ठेवून जमिनीत टोचली, तर पाते तोंडाशीच असते आणि माती शिरायला जागा नसते. आधी बकेट तेवढी आत वळवायची, मग घास घ्यायचा.

पहिला नमुना: दांडी वाकली, मागे गाळ बसला

पहिल्या नमुन्यात पात्याची ताकद मातीच्या चिकटण्यावरून काढली. बाजूच्या आणि तळाच्या बळांचे पिनेभोवतीचे आघूर्ण (बळ गुणिले पिनेपासूनचे अंतर) मिळून ८.४ किलोन्यूटन-मीटर. दोन दांड्यांत वाटले. दांडी १६ मिमी जाड, ८० मिमी खोल. ठोकळ्यापाशी ताण १७० मेगापास्कलच्या आत. ई३५० प्लेटला, म्हणजे ३५० मेगापास्कलला वाकू लागणाऱ्या पोलादाला, हे सहज पेलते. कागदावर सगळे बरोबर होते, आणि निव्वळ मातीत ते प्रत्यक्षातही टिकले.

मग जुन्या बांधातला एक दगड पाते आणि बाजूची भिंत यांच्यात अडकला. ऑपरेटरने बकेट उघडली, पाते थांबले, सिलेंडर मात्र ओढतच राहिला. एक दांडी ठोकळ्यापाशी वाकली आणि पाते तिरके होऊन बकेटीत रुतले.

चूक कुठे झाली ते स्पष्ट आहे. पात्यावर जास्तीत जास्त किती जोर येईल, हे सिलेंडर ठरवतो. या वर्गात बकेटची उचकटण्याची ताकद साधारण ५५ किलोन्यूटन धरली तर पिनेभोवतीचे आघूर्ण ५५ किलोन्यूटन-मीटरच्या घरात येते. उघडताना तेल सिलेंडरच्या रॉडच्या बाजूने जाते, तिथे क्षेत्र कमी. म्हणून ६० टक्के धरले तरी ३३ किलोन्यूटन-मीटर. पात्याच्या बाहेरच्या कडेवर ते ३४.७ किलोन्यूटनचे बळ होते. ठोकळा पिनेपासून २५० मिमीवर असल्याने तिथल्या छेदावर २४ किलोन्यूटन-मीटर वाकण येते, आणि दगड एका कोपऱ्यात असेल तर ते सगळे एकाच दांडीवर. १६ बाय ८० च्या दांडीत हा ताण १४०० मेगापास्कलवर जातो. ३५० ला वाकणारे पोलाद तिथे टिकण्याचा प्रश्नच नव्हता.

दुसरा बिघाड सावकाश झाला, म्हणून उशिरा लक्षात आला. पात्याच्या मागे बकेटला पूर्ण पाठ होती. फटीतून निसटलेला पातळ चिखल त्या पाठीवर थर धरत गेला. पाते दर खेपेला थोडे कमी मागे जाऊ लागले. १२० मिमीचा थर बसला की क्षमतेचा सहावा हिस्सा गेला, आणि चालकाला वाटते की बकेट पूर्ण भरत नाही.

दुसरी रचना

मागचा बिघाड काढायला काहीही जोडावे लागले नाही. पाठ कापून टाकली. पाते स्वतःच पाठ आहे! खोदताना माती पात्याला मागे ढकलते आणि ते दोन्ही बाजूंच्या टेकूंवर बसते. टेकू प्रत्येकी ४० मिमी जाड, साइड प्लेटला आतून वेल्ड केलेले. मधला सगळा भाग उघडा. निसटलेला चिखल मागच्या मागे गळून पडतो. पाठ काढल्याने बकेटची पिळवटण्याविरुद्धची ताकद जाते, ती भरून काढायला टेकूंच्या मागे दोन्ही साइड प्लेटमध्ये ८९ मिमी बाह्य व्यासाचा जाड भिंतीचा पाईप आडवा घातला. पाते मागे आणायला स्प्रिंग लावण्याचा विचार झाला होता. तो सोडला हे चांगले झाले. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत चिखल वाळला की ती आठवडाभरात निकामी होते, आणि पहिल्याच घासाची माती तेच काम फुकट करते.

दांडी आता २५ मिमी जाड, ठोकळ्यापाशी १६० मिमी खोल, टोकाकडे ८० वर निमुळती. एकट्या दांडीने सगळा जोर घेतला तरी ताण २३० मेगापास्कलच्या आत राहतो. दोन दांड्यांना पात्याच्या मागून आडव्या पाईपने बांधले, त्यामुळे कोपऱ्यात दगड अडकला तरी पाते पिळवटत नाही. पात्याची प्लेट १२ मिमी, तिच्या बाहेरच्या तीन कडांना ४०० ब्रिनेल कठीणपणाची, बोल्टने लावलेली पट्टी. तिच्या भोकांना खाच ठेवली, म्हणजे झिजेप्रमाणे ती बाहेर सरकवून फट पुन्हा जुळवता येते.

पिनेवर जागा काढणे हे खरे किचकट काम. मोजलेल्या डिपरच्या टोकाची रुंदी १९० मिमी, साइड प्लेटमधले अंतर ३००. दोन्ही बाजूंना ५५ मिमी उरतात आणि त्यातच दांडीचा बॉस, म्हणजे पिनेवर फिरणारी जाड नळी, बसवायचा. म्हणून बकेटला वेगळे कान न लावता साइड प्लेटच पिनेपर्यंत वर नेल्या, बॉस ५० मिमी लांब ठेवले आणि दोन्हीकडे झिजेचे वॉशर घातले. यंत्राची मूळ पिन अर्थातच तोकडी पडते. नवी पिन ईएन-१९ या मिश्र पोलादाची, पृष्ठभाग इंडक्शनने कठीण केलेला. बॉसला स्वतंत्र ग्रीस निपल हवेच. डिपरच्या बुशाचे ग्रीस इथपर्यंत पोहोचेल या भरवशावर राहिले, की बॉस पहिल्या महिन्यातच पिनेला खातो.

कोल्हापुरात बॉस ओतून घेण्याचा मोह कुणालाही होईल. शिरोली-गोकुळ शिरगावात फाउंड्री हाकेच्या अंतरावर, आणि एसजी आयर्न या ओतीव लोखंडाचे काम उत्तम होते. पण हा बॉस दांडीला वेल्ड करायचा आहे, आणि एसजी आयर्नचा वेल्ड अशा आपटत्या भाराखाली भरवशाचा नसतो. बॉस पोलादी गोल बारमधूनच कातून घ्यावा. ओतकामच करायचे तर स्टील कास्टिंग.

ठोकळा डिपरला कसा धरायचा

३३ किलोन्यूटन-मीटर भागिले २५० मिमी, म्हणजे १३२ किलोन्यूटन. जवळजवळ साडेतेरा टन, तेही आपटून. बोल्टची क्लॅम्प-पट्टी इथे घसरते. वेल्ड लागतोच. पण डिपर ही यंत्राची मुख्य हाडे आहेत, तिथे कुठेही रॉड टेकवून चालत नाही.

८ मिमीच्या कोपरा-वेल्डची गळ्याची जाडी ५.६ मिमी. भारतीय मानकानुसार ११० मेगापास्कल धरले तर १३२ किलोन्यूटनला २१४ मिमी लांबी पुरते. ठोकळा धरणाऱ्या प्रत्येक बाजूच्या कंसाला (ब्रॅकेटला) २०० मिमीच्या दोन रांगा दिल्या, म्हणजे ४०० मिमी. एका बाजूचाच ठोकळा टेकला तरी तो एकटा निभावतो. वेल्ड डिपरच्या उभ्या बाजूंवर, उंचीच्या मध्याजवळ आणि डिपरच्या लांबीच्या दिशेनेच. खालच्या-वरच्या पट्टीवर आडवा वेल्ड अजिबात नाही. वाकणीचा ताण तिथे सर्वाधिक असतो, आणि आडव्या वेल्डच्या कडेपासून तडा सुरू होतो. वेल्डिंगचे रॉड ७०१८ प्रतीचे, ओव्हनमध्ये ३०० ते ३५० अंशांवर भाजलेले. अर्थिंग कंसाशेजारीच लावायचे, बॅटरीची तार सोडवून. यंत्र वॉरंटीत असेल तर आधी लेखी परवानगी घ्यावी.

ठोकळ्याच्या तोंडावर रबर किंवा पॉलियुरेथेनची गादी लावावी, म्हणजे आवाज कमी होईल, असे सुचवले जाते. ५० बाय ६० मिमीच्या गादीवर हे बळ ४४ मेगापास्कल दाब देते. ती फुटते आणि तुकडे बॉसच्या फटीत जातात. बदलता येणारी पोलादी गादी लावावी, दांडीच्या तोंडापेक्षा नरम, म्हणजे झिजायचे ते स्वस्त भागाने. गादी ३ मिमी झिजली की पाते बाहेरच्या कडेला ११ मिमी कमी पुढे येते. ५ मिमीला गादी बदलायची.

जोडणीचा क्रम

साइड प्लेट १२ मिमी, दोन्ही एकावर एक ठेवून पिनेचे भोक एकत्र बोअर करायचे. आधी भोक, नंतर वेल्ड, आणि संपूर्ण वेल्डिंग होईपर्यंत खोटी पिन आत राहू द्यायची. तळाची कमान रोलवर वाकवून टॅक केली (वेल्डच्या छोट्या टिपक्यांनी तात्पुरती धरली) की खरे पाते पिनेवर चढवून हाताने फिरवून पाहावे. पूर्ण वेल्ड करून मग पाते घातले तर ४ मिमीची फट वेल्डच्या ओढीने कुठेतरी नाहीशी झालेली असते, आणि ग्राइंडर घेऊन आतून घासत बसावे लागते. वेल्ड बाहेरून, दोन्ही बाजूंना आळीपाळीने, १५० मिमीच्या तुकड्यांत. कापणारी धार २० मिमी ४०० ब्रिनेलची, वेल्डपूर्वी १०० अंशांपर्यंत तापवलेली. दात तीन. बाजूचे कटर दोन्हीकडे १३ मिमी बाहेर, म्हणजे ३२४ मिमीच्या बकेटला ३५० चा चर मिळतो आणि बाजू घासत नाहीत.

शेतातला हिशेब

एक मीटर चरात ०.४२ घनमीटर माती, फुगून सव्वापट म्हणजे ०.५२५. बकेट ९० टक्के भरून पूर्ण रिकामी झाली तर मीटरला ५ घास. ४० टक्के माती आत अडकून राहिली तर त्याच मीटरला ८ हून जास्त. घासाला २० सेकंद धरले, आणि अडकणाऱ्या बकेटीला झटक्यांचे आणखी ८ सेकंद, तर १०० सेकंदांचे काम जवळपास २३० सेकंदांवर जाते. डिझेलचा फरक यातच येतो. पिन-बुशांवरचे झटके वाचतात, ते वेगळे.

बकेट उघडताना शेवटच्या ५५ अंशांत लिव्हर सावकाश सोडायची. एवढी एक सवय लागली की ठोकळ्याचे आयुष्य वाढते. दगड अडकला तर पुन्हा जोर लावायचा नाही. बकेट आत वळवायची, पाते मागे जाऊ द्यायचे, मग पुन्हा उघडायचे. बहुतेक वेळा दगड दुसऱ्या वेळी सुटतो. नाही सुटला तर बकेट जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून, पहारीने काढायचा. पाते आणि तळ यांच्यामध्ये हात घालायचा नाही, इंजिन बंद असले तरीही. पाते पिनेवर मोकळे लोंबते आणि त्याचे वजन बोटावर यायला क्षण लागत नाही. पाते वेगळ्या रंगाने रंगवून दांडीवर हा इशारा मराठीत आणि हिंदीत लिहावा, कारण यंत्रावरचे ऑपरेटर अनेकदा परप्रांतातले असतात.

रोजची देखभाल थोडी. दर ८ तासांनी दोन्ही बॉसना ग्रीस, इतके की कडेने जुने ग्रीस बाहेर येईल. काम संपल्यावर पाण्याचा फवारा. रात्रभर वाळलेली काळी माती सकाळी विटेसारखी झालेली असते आणि पाते जागचे हलत नाही. अशा वेळी सिलेंडरने जोर लावून ते सोडवू नये, आधी भिजवावे. दर आठवड्याला डिपरवरचा वेल्ड ब्रशने साफ करून कडेची तपासणी. केसासारखी रेघ दिसली की काम थांबवायचे.

ही बकेट पन्हाळा, शाहूवाडीकडच्या जांभ्यात किंवा पक्क्या मुरुमात नेऊ नये. तिथे माती चिकटतच नाही. पात्याचे ओझे उगाच वाहावे लागते आणि उघडी पाठ खडकाच्या धक्क्याला कमी पडते. पावसाळ्यानंतरच्या काळ्या-चोपण जमिनीतून यंत्र पश्चिमेकडे निघाले, की लांब पिन काढून साधी बकेट चढवायची. म्हणूनच मूळ पिन आणि तिचे लॉक-बोल्ट जपून ठेवावेत, आणि डिपरवरचे कंस साध्या बकेटीच्या टिपिंग लिंकला (सिलेंडरची हालचाल बकेटला देणाऱ्या दुव्याला) कुठे आड येत नाहीत ना, हे बकेट दोन्ही टोकांपर्यंत फिरवून कार्यशाळेतच पाहून घ्यावे.